साठी आणि वळण

वार्धक्याच्या बाबतीत मराठी भाषेने फारसे औदार्य दाखविलेले नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून तिने साऱ्या ज्येष्ठांना एका फटक्यात निकालात काढले आहे. आणि ज्यांची साठी अद्याप दूर आहे त्यांच्यासाठी ‘जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही’ हा दुसरा निवाडा राखून ठेवला आहे. जपानी भाषेतही या दुसऱ्या म्हणीचे एक भावंड आहे. तीन वर्षांच्या मुलाचा जीव शंभर वर्षांपर्यंत तोच राहतो, असा तिचा आशय. परंतु त्याच भाषेत तिच्या अगदी उलट दिशेला जाणारा एक वाक्प्रचारही रूढ आहे, तो म्हणजे ‘रोकुजू नो तेनाराई’. ‘रोकुजू’ म्हणजे साठ, ‘ते’ म्हणजे हात आणि ‘नाराई’ म्हणजे शिकणे. साठाव्या वर्षी अक्षरे गिरवावयास बसणे, असा त्याचा सरळ अर्थ. आणि उतारवयात कोणत्याही नव्या विद्येचा ओनामा करणाऱ्याविषयी तो वापरला जातो.

या दोन टोकांच्या मध्ये एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे. मनुष्याला एकदा लागलेले वळण पुढे त्याच्या स्वतःच्या प्रयत्नाने बदलता येते काय? आणि येत असेल, तर ते बदलण्याचे कष्ट त्याने कोणासाठी घ्यावेत? घरे बांधता बांधता मनुष्य गवंडी होतो आणि न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. ज्याचे बांधकाम अजून सुरू व्हावयाचे आहे त्याला हे पुरेसे आहे. पण ज्याची भिंत आधीच वाकडी उभी राहिली आहे त्याने काय करावे? राग, लोभ, अहंकार यांच्या विस्तीर्ण मैदानात हा प्रश्न सोडवू जाता दमछाक होते. म्हणून तो एखाद्या लहान, नजरेच्या टप्प्यात मावणाऱ्या जागी पारखून पाहावा हे बरे. आमच्या मते हस्ताक्षर ही अशी जागा आहे.

आपल्या भाषेनेही तशी खूण करून ठेवली आहे. ‘वळण’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण असते. ‘कित्ता’ म्हणजे गिरविण्यासाठी समोर ठेवलेला अक्षरांचा नमुना. परंतु थोरामोठ्यांच्या आचरणाचाही आपण कित्ताच गिरवितो. गंमत अशी की जपानी भाषेतील ‘तेहोन’ या शब्दाचा प्रवासही हुबेहूब असाच झाला आहे. अक्षरे शिकण्याचा नमुना हा त्याचा मूळ अर्थ आणि अनुकरणीय माणूस हा पुढचा. दोन दूरच्या समाजांना अक्षरात आणि आचरणात एकच गोष्ट दिसावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

माळव्यात बसून जपानी अक्षरांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धार जिल्ह्यातील पिथमपुरात आहे. १९८० च्या दशकात फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी करून तेथे स्कूटर काढली, ती त्या काळी अनेकांच्या दारात उभी असे. पुढे १९९८ मध्ये जवळच्या खेड्याला ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना सुरू झाला. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुले अभियांत्रिकीच्या निमित्ताने पुण्यास गेली आणि तेथील जपानी भाषेच्या वर्गांतून शिकून जपानपर्यंत पोहोचली. दिवाळीच्या सुटीत ही मुले चौकटी आखलेल्या वह्या घेऊन देवासला येतात, आणि ज्येष्ठांचे कुतूहल जागे होते. आम्हीही त्यांतलेच. सेवानिवृत्तीनंतर अशाच एका वहीवरून आम्ही ही अक्षरे गिरवू लागलो. विद्वत्तेचा दावा नाही. नवशिक्याला दिसते तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

नवशिक्याला प्रथम जाणवते ते असे की, या लिपीला शिरोरेषा नाही. आपली बालबोध अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या वस्त्रांप्रमाणे वरच्या रेघेला लटकलेली असतात. मोडीत तर कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे सोडीत. जपानी अक्षराला असा आधार नाही. ते एका अदृश्य चौकोनाच्या मध्यावर स्वतःचा तोल सांभाळून उभे असते. म्हणून सरावाच्या वहीतील प्रत्येक चौकटीत आडवी-उभी तुटक रेघ आखून तिचे चार भाग केलेले असतात. कोणता फराटा कोणत्या भागात सुरू झाला आणि कोठे संपला हे पाहावयाचे. पन्नास वर्षे रेघेला लटकून लिहिलेला हात येथे काही दिवस चाचपडतो. अक्षरे डावीकडे कलंडतात, पोटात फुगतात, नाहीतर चौकटीच्या वरच्या काठाला चिकटतात, कारण हात सवयीने तेथे रेघ शोधीत असतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. प्रत्येक अक्षरातील रेघा कोणत्या क्रमाने काढावयाच्या हे ठरलेले असते. साधारणपणे वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर; चौकट असेल तर तिच्यातील मजकूर भरून शेवटी तळाची रेघ मिटवावयाची. लिहून झाल्यावर क्रम कोणाला दिसतो, असे आरंभी वाटते. पण हात जसजसा वेगाने चालू लागतो तसतसा क्रम उघडा पडतो. चुकीच्या क्रमाने काढलेले अक्षर घाईत वेगळाच आकार घेते. तिसरी गोष्ट शेवटाची. रेघ संपविण्याचे तीन प्रकार आहेत: ‘तोमे’ म्हणजे टेकून थांबणे, ‘हाने’ म्हणजे उसळी देऊन सुटणे आणि ‘हाराई’ म्हणजे हळूहळू विरत जाणे. नवशिक्याच्या रेघा बहुधा नुसत्या संपतात. त्यांना शेवट असा नसतोच.

चौथी गोष्ट नमुना निवडण्याची. पडद्यावर किंवा पुस्तकात दिसणारे ठशाचे अक्षर हा हाताचा कित्ता नव्हे. हिरागानातील ‘कि’ आणि ‘सा’ ही अक्षरे कित्येक छापील ठशांत जोडलेली दिसतात, पण हाताने लिहिताना त्यांचा खालचा भाग सहसा सुटा ठेवतात. ठशावरून शिकलेला विद्यार्थी ओळखू येतो तो येथेच. म्हणून शाळेच्या पाठ्यपुस्तकांसाठी तयार केलेले, हाताच्या वळणाला धरून असलेले अक्षर समोर ठेवावे. लेखणीची मात्र फार चिंता करू नये. कोबो दाइशी म्हणजे कूकाई (७७४–८३५) हे जपानचे नामांकित सुलेखनकार. कोबो कुंचला निवडीत बसत नाहीत, अशी तेथे म्हणच आहे. आपण अंगणाला वाकडे म्हणणाऱ्या नर्तकीची गोष्ट सांगतो, तिचीच ही दुसरी बाजू.

याच कूकाईंचे नाव आले म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ते चीनमध्ये संस्कृत शिकले आणि तेथून जपानला परतताना ‘सिद्धम्’ लिपीतील ग्रंथ बरोबर घेऊन गेले. आपल्या नागरीच्या नात्यातील ही लिपी भारतात केव्हाच वापरातून गेली. जपानच्या मंदिरांत बीजाक्षरे लिहिण्यासाठी ती आजही कुंचल्याने काढली जाते. आणि जपानी अक्षरमालेचा जो क्रम आज तेथील मुले पाठ करतात, त्याच्या मांडणीवर संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाची छाप आहे: क, स, त, न, ह, म, य, र, व. तक्ता पाहताच मराठी घरातील मनुष्य क्षणभर थबकतो. आपण आरंभाला ‘ओनामा’ म्हणतो तो शब्दही ‘ॐ नमः सिद्धम्’ या जुन्या पाठशाळांतील पहिल्या पाठाचाच अवशेष आहे. तेव्हा परकी लिपी परकी किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आता खऱ्या आक्षेपाकडे वळू. जपानी भाषेच्या प्रावीण्याची जी परीक्षा आपली मुले देतात, तिच्यात हाताने लिहिण्याचा भाग नाही; पर्याय निवडून खूण करावयाची असते. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरे टंकली की जपानी अक्षरे आपोआप उमटतात. जेथे गुण नाहीत, नोकरी नाही आणि पत्र पाठविण्यासारखे कोणी नाही, तेथे अक्षर सुधारण्याचा खटाटोप हा हौसेपलीकडे काय आहे? त्यात नीती कोठून आली?

याचे उत्तर शोधताना आम्हाला समर्थ रामदासांची आठवण होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. परमार्थाच्या ग्रंथात शाई, लेखणी आणि कागद यांची इतकी बारकाईने विचारपूस व्हावी, याचे प्रथम नवल वाटते. अक्षर वाटोळे व सरळ असावे, ओळीला ओळ लागू नये, आरंभी जसे अक्षर तसेच अखेरीस असावे, हे सारे तेथे आहे. परंतु त्या समासातील दोन सूचना निराळ्याच मोलाच्या आहेत. कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे पुढे कडा झिजून झडल्या तरी अक्षर जाणार नाही, ही एक. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही. अक्षर मध्यम असावे, ही दुसरी. या दोन्ही सूचनांत लिहिणाऱ्याच्या कौतुकाचा लवलेश नाही. त्यांत विचार आहे तो वाचणाऱ्याचा. तो वाचणारा अजून जन्मलेला नसेल, किंवा वय झालेला, अधू दृष्टीचा असेल. कदाचित तो म्हातारा झालेला लिहिणाराच असेल. अक्षर हे असे अनुपस्थित माणसाशी केलेले वर्तन आहे, आणि जेथे दुसऱ्या माणसाशी वर्तन आले तेथे नीती आलीच.

शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली त्यांना हे उदाहरण देऊन सांगावे लागत नाही. तरी एक सांगतो. एका तहसिलीत खसऱ्यातील एका नोंदीवरून दोन कुटुंबांचा वाद आमच्या समोर आला होता. भूखंडाचा क्रमांक ११ की १९, एवढाच मुद्दा. नोंद करणाऱ्या पटवाऱ्याच्या हातात देवनागरी १ आणि ९ यांची गाठ सारखीच पडत असे. त्याच्या मनात खोट असल्याचे कोणीही म्हणाले नाही; त्याला घाई असे, इतकेच. नकाशा, जुन्या नोंदी आणि साक्षी यांचा मेळ घालून निकाल लागेपर्यंत वर्षे गेली, आणि मूळ तक्रार करणारा शेतकरी तोपर्यंत हयात राहिला नव्हता. जी गाठ नीट मिटविण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ लागला असता, तिची किंमत अशी दुसऱ्याने मोजली. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम वैद्यक परिषदेला २०१६ मध्ये करावा लागला, त्याच्यामागेही हेच कारण आहे.

जपानी लिपीत तर ही जबाबदारी नवशिक्याच्या पदरात पहिल्याच महिन्यात येऊन पडते. काताकानातील ‘शि’ आणि ‘त्सु’, तसेच ‘सो’ आणि ‘न्’ या जोड्यांत रेघा जवळजवळ त्याच. पण शेवटची रेघ एकात खालून वर जाते आणि दुसऱ्यात वरून खाली येते, व लहान रेघा एकात डाव्या कडेने आणि दुसऱ्यात वरच्या कडेने ओळीत येतात. दिशा चुकली की शब्द बदलला. चिनी मूळ असलेल्या अक्षरांत याहून नाजूक जोडी आहे. एका उभ्या रेघेवर दोन आडव्या रेघा आणि खाली दोन्ही बाजूंना उतरणारे फराटे. वरची आडवी रेघ आखूड व खालची लांब असेल तर त्या अक्षराचा अर्थ ‘अजून नाही’. वरची लांब आणि खालची आखूड असेल तर अर्थ ‘शेवट’. जे अद्याप व्हावयाचे आहे आणि जे संपले आहे, या दोहोंत एका रेघेच्या लांबीचे अंतर. साठी उलटलेल्या विद्यार्थ्याला ही जोडी गिरविताना थोडे थांबावेसे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. अक्षर ही ज्याची त्याची ओळख. सर्वांनी एकाच कित्त्यावर हात बसविला तर व्यक्तित्व ते काय उरले? आमच्या या गावात सरकारी नोटांचा छापखाना आहे. तेथील मालाचे मोल एक प्रत दुसरीसारखी हुबेहूब असण्यातच आहे. हाताच्या अक्षराने तसे का व्हावे? आक्षेप रास्त आहे, आणि जपानी सुलेखनाच्या परंपरेने त्याचा विचार केलेला आहे. तेथे जुन्या श्रेष्ठ लेखनावरून सराव करण्याला ‘रिंशो’ म्हणतात आणि त्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर आकार जसाच्या तसा उतरवावयाचा. दुसऱ्या पायरीवर आकारामागील भाव पकडावयाचा. तिसऱ्या पायरीवर कित्ता बाजूला ठेवून, त्याच्याकडे पाठ करून, अंगी मुरलेले लिहावयाचे. व्यक्तित्वाची चिंता कोणत्याच पायरीवर करावी लागत नाही. ते न बोलाविता येते. दोन माणसांनी एकाच कित्त्यावर दहा वर्षे हात बसविला तरी त्यांची अक्षरे सारखी होत नाहीत. आपल्याकडे चिटणिशी वळण आणि बिवलकरी वळण ही नावे माणसांवरून आणि घराण्यांवरून पडली. ती वळणे घडविणाऱ्यांनी आपली निराळी छाप पाडण्याचा अट्टहास केला असेल असे वाटत नाही. आपण ज्याला ‘माझे अक्षर’ म्हणून जपतो, त्यातील पुष्कळसा भाग व्यक्तित्वाचा नसून निव्वळ खोडीचा असतो, आणि कोणता भाग कशाचा हे कित्ता शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मात्र वळणाचाही दुराग्रह होऊ शकतो. जपानमध्येच शाळांतून एखाद्या रेघेला उसळी दिली नाही म्हणून गुण कापण्याची प्रथा बोकाळली, तेव्हा तेथील सांस्कृतिक व्यवहार खात्याने २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढून स्पष्ट केले की, अक्षराचा सांगाडा बरोबर असेल तर टेकणे आणि उसळणे यांसारखे बारीक फरक चुकीचे मानू नयेत. म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होईल तो दोष. बाकीची ती शैली. हा विवेक आपल्याकडील छडीच्या काळात असता तर किती मुलांच्या बोटांवरील वळ वाचले असते! डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने लिहावयास लावून आपण अक्षर सुधारतो आहोत, असे समजणारी पिढी फार जुनी नाही. धाकाने लावलेले वळण धाक संपताच सुटते, आणि पुष्कळदा कायमची नावड मागे ठेवून जाते. साठीत गिरविणाऱ्याचा लाभ हाच की, त्याला कोणी वळण लावीत नाही. तो ते लावून घेतो.

तसेच अक्षरावरून माणसाची पारख करण्याचा मोहही आवरला पाहिजे. खराब अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानावे, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे, पण ते त्यांनी स्वतःच्या अक्षराविषयी खंत व्यक्त करताना लिहिले. इतरांना मोजण्यासाठी नव्हे. सुंदर अक्षर आणि सुंदर अंतःकरण यांची जोडी नेहमी जमतेच असे नाही. दफ्तरात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की, बनावट दस्तऐवज बहुधा सुवाच्य असतो. चांगले अक्षर चांगुलपणाची हमी देत नाही. ते फक्त एका कर्तव्याचे पालन आहे, आणि कर्तव्याचे पालन लबाडालाही साधू शकते.

आता तिसरा आक्षेप, आणि आपल्या सभासदांच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या आश्रयाने ज्यांचे पूर्वज देवासला आले, किंवा धारच्या गादीच्या सेवेत ज्यांनी पिढ्या घालविल्या, अशा कितीतरी घरांच्या माळ्यावर आजही रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. सनदा, जमाखर्च, लग्नाच्या याद्या, मृत्यूच्या वार्ता. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, दफ्तराची भाषा आणि लिपी बदलली, आणि दोन पिढ्यांत त्या घरांत ते कागद वाचणारे कोणी उरले नाही. अशा स्थितीत नातवाच्या वहीवरून जपानी अक्षरे गिरवीत बसणे म्हणजे घरचे देव उपाशी ठेवून परगावी नैवेद्य पाठविणे नव्हे काय?

हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. वर म्हटले की, अक्षर हे अनुपस्थित माणसाशी केलेले वर्तन आहे. मग त्या वर्तनाला दोन टोके असणार. लिहिणाऱ्याने वाचता येईल असे लिहावे हे एक टोक; ज्याच्यासाठी लिहिले त्याने वाचावयास शिकावे हे दुसरे. त्या मोडी कारकुनांनी आपले टोक सांभाळले होते. त्यांनी रेघ ओढली, वळण राखले, कागदाला समास सोडला. त्यांच्या लेखी पुढचा वाचणारा आपण होतो. ऋण राहिले आहे ते आपल्या बाजूचे. मुले परदेशी गेली, भाषा बदलली, काळ बदलला, ही कारणे खरी असली तरी त्यांतील सर्वांत जास्त वापरले जाणारे कारण निराळेच आहे: ‘आता या वयात कोठे नवी लिपी शिकणार!’

जपानी अक्षरांनी नेमके हेच कारण निकालात काढले. हिरागानाची मूळ अक्षरे शेहेचाळीस, काताकानाचीही तितकीच. रोज अर्धा तास दिला तर साठीतील हात ती काही आठवड्यांत ओळखू लागतो आणि काही महिन्यांत बऱ्यापैकी काढू लागतो. जो हात हे करू शकतो त्याला मोडी अशक्य असण्याचे कारण नाही. किंबहुना दोहोंची जात काही अंशी एक आहे. चिनी अक्षरांचे उभे व सुटे लेखन ते ‘काइशो’, जलद धावते ते ‘सोशो’. आणि अशा धावत्या लेखनातूनच नवव्या शतकाच्या सुमारास हिरागाना जन्माला आली. बालबोध आणि मोडी यांचे नाते समजण्यास याहून चांगला दाखला सापडणार नाही. सुटे अक्षर लेखणी न उचलता लिहू गेले की कोठे गाठ पडते, कोठे पोट गळते, हे एका लिपीत कळले की दुसरीत अर्धे कळते. परगावच्या वाटेवरून चालता चालता स्वतःचे घर निराळ्या बाजूने दिसावे, तसे हे आहे.

आणि मोडी तर दूरच राहिली. बालबोधाची स्थिती काय आहे? आपली नातवंडे हिंदी आणि इंग्रजी शाळांत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण लिहिताना पाकळीचा मराठी ल सोडून हिंदी ल काढतात, आणि ‘ळ’ हे अक्षर हिंदीच्या पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे कित्येकांच्या हाताला ते ठाऊकच नाही. ‘वळण’ हा शब्द ती ‘वलण’ असा लिहितात. त्यांचा यात दोष नाही. त्यांच्यासमोर कोणी कित्ताच ठेवला नाही. पण जे मूल जपानी रेघेच्या लांबीवरून ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ यांतील भेद चौकटीत मोजून शिकू शकते, त्याला ‘ळ’ची दोन पोटे काढावयास शिकविणे अवघड का जावे?

या भूमीला हे काम नवीन नाही. धारच्या भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला, विभक्तीचे आणि क्रियापदांचे प्रत्यय मांडलेले हे दगडी तक्तेच होत. अक्षरे शिकू पाहणाऱ्यासाठी कोणीतरी पाषाणावर टाकी चालविली. शतकानुशतके ते जवळजवळ कोणाच्या वाचनात आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधीक्षक काशिनाथ कृष्ण लेले यांनी तेथील लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. लेले हे आपल्यासारख्याच मराठी समाजातले, संस्थानचे नोकर. वाचणाऱ्याच्या टोकाचे ऋण फेडणे म्हणजे काय, हे त्यांच्या उदाहरणावरून समजते. त्यासाठी त्यांना राज्य उलथवावे लागले नाही. झिजलेल्या दगडासमोर धीराने बसावे लागले.

आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहता आम्हाला असे वाटते की, ‘खोड जात नाही’ आणि ‘साठीतही गिरविता येते’ ही दोन्ही विधाने आपापल्या ठिकाणी खरी आहेत. खोड नुसत्या निश्चयाने जात नाही. ‘उद्यापासून चांगले लिहीन’ असे ठरवून कोणाचेही अक्षर सुधारल्याचे ऐकिवात नाही. ती जाते ती समोर ठेवलेल्या नमुन्याशी रोज थोडी ताडून पाहिल्याने, एका वेळी एकच दोष हाती घेतल्याने, आणि आपण लिहितो ते कोणी तरी वाचणार आहे ही जाणीव ठेवल्याने. पानभर अक्षरे वेगाने खरडण्यापेक्षा एकच अक्षर पाच वेळा काढावे, त्यांतील बरे कोणते व वाईट कोणते ते ठरवावे, आणि का ते एका वाक्यात सांगता यावे. जपानी सुलेखनात एकदा काढलेल्या रेघेवर पुन्हा हात फिरवून ती दुरुस्त करीत नाहीत; चुकली तर चुकली, दुसरा कागद घ्यावयाचा. जुन्या रेघेची डागडुजी करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नवे अक्षर लिहून होते. राग, लोभ आणि अहंकार यांच्या बाबतीतही रीत फारशी निराळी नसावी, असा आमचा तर्क आहे. पण तो सिद्ध करण्यास वही पुरत नाही.

आपल्या घरांतून विजयादशमीला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढण्याची चाल अद्याप टिकून आहे. पूजा होते, सोने वाटले जाते आणि पाटी पुन्हा वर्षभर कपाटात जाते. येत्या दसऱ्याला ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या पाटीशेजारी चौकटीची एक वही ठेवावी. नातवाने तिच्यात आजोबांना हिरागानाची पहिली ओळ घालून द्यावी आणि आजोबांनी त्याला ‘ळ’ घालून द्यावा. मग कोणाच्या घरी एखादा रुमाल असेल तर तो खाली उतरवून, त्यातील एका कागदाची पहिली ओळ दोघांनी मिळून लावण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या दिवशी ती लागणार नाही. हरकत नाही, लिहिणाऱ्याने कागदाला समास सोडून ठेवला आहे, अक्षर अजून शाबूत असेल.